उसना गळा

संगीत नाटकाचा चित्रपट झाला, म्हणजे आमच्या रसिकमंडळींत दोन तट पडतात. आणि हे दोन्ही तट आपापल्या जागीं इतक्या आवेशानें ठाकतात कीं, मध्यें सांपडलेल्या साध्या प्रेक्षकास आपणांस नक्की काय वाटलें हें सांगण्याची सोयच उरत नाहीं. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें 'कट्यार काळजात घुसली' हें नाटक १९६७ च्या डिसेंबरांत रंगभूमीवर आलें. त्याच नांवाचा चित्रपट २०१५ च्या नोव्हेंबरांत निघाला. तेव्हांपासून जो वाद सुरू झाला तो अद्याप शमलेला नाहीं. आणि २०२५ च्या जानेवारींत खाडिलकरांचें 'मानापमान' पडद्यावर आल्यामुळें त्यास नवें इंधन मिळालें. एक पक्ष म्हणतो, चित्रपटानें नाटकाचा जीव घेतला. दुसरा म्हणतो, मेलेल्या नाटकास चित्रपटानेंच जीव दिला.

या दोन पक्षांहून संख्येनें फार मोठा असा एक तिसरा वर्ग आहे; त्याची दखल कोणी घेत नाहीं. या वर्गांतला प्रेक्षक चित्रपटगृहांत गाण्यास मान डोलावतो, क्वचित् डोळेही टिपतो, आणि घरीं परततांना मात्र कांहीं तरी राहून गेलें अशी रुखरुख त्याच्या मनास लागते. काय राहून गेलें, असें विचारिलें तर 'ती गोष्ट नाहीं' एवढेंच तो पुटपुटतो, आणि घरांतलीं मुलें हंसलीं म्हणजे गप्प बसतो. त्याच्या या द्विधा मनःस्थितीस कोणी वयाचा दोष म्हणतात, कोणी गतकाळाचा मोह म्हणतात. आमचें मत निराळें आहे. या सर्व प्रकरणांत दिला गेलेला सर्वांत शहाणा अभिप्राय तोच होय. फक्त तो अद्याप शब्दांत उतरलेला नाहीं. तो उतरवावा, आणि त्यावरून जो निर्णय निघेल तो दोन्ही पक्षांस निःशंकपणें ऐकवावा, एवढ्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली आहे.

प्रथम सोवळ्या पक्षाचा समाचार घेऊं. या पक्षाची तक्रार अशी कीं, चित्रपटानें कथानक बदललें. पंडितजी व खाँसाहेब यांच्या पूर्वसंबंधास नाटकांत नसलेला विस्तार दिला. सुडाचा रंग गडद केला. आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली जितेंद्र अभिषेकींच्या चालींच्या पंक्तीस नेऊन बसविल्या. यांतील एकही गोष्ट खोटी नाहीं. परंतु यांतील एकही गोष्ट अपराध ठरत नाहीं, हें या मंडळींच्या ध्यानांत येत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें, तेव्हां कालिदासाच्या श्लोकांच्या जागीं मराठी पदें व साक्या घातल्या. त्यामुळें कालिदास बाटला असें आज कोणी म्हणत नाहीं. १९११ सालीं गोविंदराव टेंबे यांनीं 'मानापमाना'स चाली दिल्या, त्यांत उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा रंग होता. किर्लोस्करी साकी-दिंडीच्या वळणास सरावलेल्या कानांस तो परकाच होता. पुढें खुद्द अभिषेकींनीं 'मत्स्यगंधा' (१९६४) व 'ययाति आणि देवयानी' (१९६६) या नाटकांपासून नाट्यसंगीताचा सारा थाटच पालटून टाकिला. पदें थोडीं ठेविलीं, चाल पात्राच्या स्वभावास व प्रसंगास जुळेल अशी बांधिली, आणि रात्रभर चालणाऱ्या गाण्याच्या बैठकीस पुन्हां नाटकाच्या दावणींत आणिलें. ज्यास आज आपण 'आमचें जुनें' म्हणून उराशीं कवटाळतों, तें त्याच्या काळीं असें कोरें करकरीत नवें होतें. बदल हेंच पाप मानिलें, तर आमच्या संगीत रंगभूमीचा इतिहास म्हणजे केवळ पापांची वही ठरेल.

शिवाय पडद्यास रंगभूमीहून निराळ्या गरजा असतात. नाटकांत मागील वृत्तांत चार वाक्यांत सांगितला तरी प्रेक्षक तो मानून घेतो. चित्रपटास तो दाखवावा लागतो. नाटकांतला दरबार दोन खांब आणि एक पडदा यांवर भागतो. चित्रपटास वाडा, दिवे, लवाजमा सारें उभें करावें लागतें. हें केलें म्हणून रुसणें, म्हणजे माशानें पोहावें याबद्दल त्यावर रागावणें होय. अभिषेकींच्या मूळ चाली चित्रपटानें टाकून दिल्या नाहींत, अनेक ठिकाणीं त्या मानानें राखिल्या, हें तरी या पक्षानें प्रांजळपणें मान्य करावयास हवें होतें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. कारण तो अधिक आत्मसंतुष्ट, आणि म्हणून अधिक घातक आहे. त्याचें म्हणणें असें कीं, नाटक केव्हांच इतिहासजमा झालें होतें. चित्रपट आला म्हणून तरुण पिढीस तें ठाऊक झालें. तेव्हां जुन्या लोकांनीं आभार मानावे आणि स्वस्थ बसावें. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग असत्य आहे. हें नाटक २०१० सालींच नव्यानें रंगभूमीवर आलें होतें. तें बसविलें सुबोध भावे यांनीं, ज्यांनीं पुढें चित्रपट दिग्दर्शित केला त्यांनींच. त्यांत वसंतराव देशपांडे यांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले, आणि अभिषेकींचे शिष्य महेश काळे सदाशिव झाले. पांच वर्षांनंतर जे आवाज पडद्यामागून ऐकूं आले, ते आधीं रंगभूमीवर प्रेक्षकांसमोर घाम गाळून तयार झाले होते. मग कोणीं कोणास जीव दिला? रंगभूमीनें घरचें धान्य काढून दिलें आणि चित्रपटानें पंगत वाढिली. पंगतीचें श्रेय वाढप्यास द्यावें, परंतु शेत त्याचें होतें असें सांगूं नये.

युक्तिवादाचा दुसरा अर्धा भाग खरा आहे, आणि तो आम्हांस आनंदानें मान्य आहे. नाटक एका रात्रीं फार तर हजारभर लोक पाहतात. चित्रपट एकाच दिवशीं शेंकडों गांवांत लागतो. ज्या घरांत नाट्यपद म्हणजे आजोबांच्या खोलींतला आवाज होता, त्या घरांतलीं मुलें तीं पदें गुणगुणूं लागलीं. ध्वनिमुद्रिकेनें आणि आकाशवाणीनें एके काळीं हेंच काम केलें होतें. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटें मावत, म्हणून अर्धा तास रंगणारें पद त्या तबकडीपुरतें छाटलें गेलें. तरीही ती तबकडी गांवोगांव पोंचली म्हणून नाट्यसंगीत टिकलें. तेव्हां प्रसाराचा उपकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या वस्तूचा प्रसार झाला ती वस्तु कोणती, एवढें विचारण्याचा हक्क उपकृतांसही असतो.

आणि येथेंच आम्ही त्या रुखरुखीच्या मुळाशीं येतों.

'कट्यार' हें नाटक कशाविषयीं आहे? वरवर पाहतां विश्रामपूरच्या दरबारांतील दोन गवयांच्या चुरशीविषयीं. जिंकणाऱ्यास मानाची कट्यार मिळते, आणि त्या कट्यारीनें केलेला एक खून माफ असतो. परंतु कट्यार ही कथा टांगण्याची खुंटी आहे. कथा निराळी आहे. गायकी मालकीची असते काय, आणि असल्यास कोणाच्या मालकीची, हा या नाटकाचा प्रश्न आहे. ती घराण्याची? रक्ताची? कीं जो तिच्यासाठीं तहानेला होऊन कान देतो आणि आपल्या गळ्यांत ती उतरवितो त्याची? खाँसाहेब आपली विद्या परक्यास देऊं इच्छीत नाहींत. सदाशिव त्यांच्याच हवेलींत राहून, लपून, ऐकून ती मिळवितो. हा प्रश्न दारव्हेकरांनीं कल्पनेंतून काढिलेला नाहीं. आमच्या संगीताच्या इतिहासांत तो पानोपानीं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकण्यासाठीं उत्तरेंत गेले आणि गुरुसेवेचे कष्ट सोसून ती महाराष्ट्रांत घेऊन आले. त्या काळीं विद्या मागून मिळत नसे, ती झिजून मिळवावी लागे.

आतां या प्रश्नाची मांडणी रंगभूमीवर कशी झाली तें पाहा. 'घेई छंद' हें एकच पद नाटकांत दोन गायकींतून येतें; पंडितजींचें निराळें, खाँसाहेबांचें निराळें. शब्द तेच, परंतु माणूस बदलला कीं गाणें बदलतें, हा सिद्धांत संवादांत न सांगतां प्रेक्षकांच्या कानांवर सोडून दिला आहे. १९६७ च्या त्या संचांत वसंतराव देशपांडे खाँसाहेब होते, भार्गवराम आचरेकर पंडितजी होते, प्रसाद सावकार सदाशिव होते, फैयाज झरीना होत्या. जो बोले तोच गाई. सदाशिवानें खाँसाहेबांची गायकी आत्मसात् केली हें नाटककारानें लिहून भागत नसे. सावकारांना तें त्या रात्रीं, त्या क्षणीं, हजार कानांसमोर गाऊन सिद्ध करावें लागे. खाँसाहेबांचा ताठा वसंतरावांच्या मुद्रेवर होता तसाच तो त्यांच्या तानेंतही होता, आणि ती तान जर त्या ताठ्यास पुरी पडली नसती तर साऱ्या पात्राचें हंसें झालें असतें. संवादानें केलेला दावा गळ्यानें सिद्ध करावयाचा, हा करार या नाटकाचा कणा आहे.

आणखी एक गोष्ट. पंडितजींचा गळा जातो, ही या कथेंतली सर्वांत करुण घटना. रंगभूमीवर तिची भीति खरी असते. कारण समोर गाणाऱ्या नटाचा गळाही आज रात्रीं बसूं शकतो हें प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असतें. थंडीचे दिवस, सलग तीन प्रयोग, रात्रीचा प्रवास, आणि वरचा षड्ज समोर उभा! तो लागला म्हणजे सभागृह 'वन्समोअर'चा जो गजर करितें, त्यांत कौतुकाइतकाच सुटकेचा निःश्वास असतो. गेलेल्या गळ्याचें दुःख, जाऊं शकणाऱ्या गळ्यासमोरच कळतें. ध्वनिमुद्रित गळा कधीं जात नाहीं. तो चौदा वेळां नीट करून घेतलेला असतो. म्हणून पडद्यावर पंडितजींचा आवाज गेला म्हणजे आपणांस कथेंतल्या माणसाबद्दल वाईट वाटतें, परंतु आपल्या छातींत धस्स होत नाहीं.

आतां चित्रपट काय करितो तें पाहा. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकर यांचा, गळा राहुल देशपांडे यांचा. सदाशिवाचा चेहरा सुबोध भावे यांचा, गळा महेश काळे यांचा. अभिनयास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. सचिन यांच्या डोळ्यांतली खाँसाहेबांची जळजळ आम्हांसही पोळून गेली. गाण्यासही नांवें ठेवीत नाहीं. महेश काळे यांस त्याच चित्रपटांतील गाण्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. चेहरा उत्तम, गळा उत्तम. आणि तरीही दोहोंमध्यें एक फट राहते, आणि नाटकाचा प्राण नेमका त्या फटींतून निसटतो. गायकी माणसापासून अलग करितां येते काय, हा ज्या कथेचा प्रश्न, ती कथा सांगतांना चित्रपटानें पहिलें काम केलें तें गायकी माणसापासून अलग करण्याचें! खाँसाहेब जी विद्या कोणास देऊं इच्छीत नाहींत ती विद्या स्वतः खाँसाहेबांकडेच उसनी आलेली. आणि सदाशिव जी जन्माची कमाई करितो ती ओठ हलविण्यापुरती. याहून क्रूर विनोद कोल्हटकरांच्या सुदाम्यासही सुचला नसता.

प्रेक्षकास हें तर्कानें कळत नसेल. परंतु कानास आणि डोळ्यास कळतें. ज्या प्रसंगीं पंडितजी गातात त्या प्रसंगीं तोच प्रेक्षक कसा सावरून बसतो तें आठवून पाहावें. पंडितजींची भूमिका शंकर महादेवन यांनीं केली आहे, आणि तें गाणें त्यांचेंच आहे. नटाच्या नात्यानें ते मुरलेले नव्हते; परंतु स्वर लावतांना मानेची शीर जी ताणली जाते, श्वास घेतांना छाती जी भरते, आणि स्वर लागल्यावर चेहऱ्यावर जी निवांत प्रसन्नता पसरते, ती शिकवून येत नाहीं. एकाच चित्रपटांत दोन प्रकारचीं गाणीं आहेत, एक गायलेलें आणि एक दाखविलेलें. आणि ज्यास कांहीं तरी राहून गेल्यासारखें वाटलें, त्यास हाच भेद जाणवला होता.

यावर चित्रपटाचे कैवारी म्हणतील कीं, पार्श्वगायन ही चित्रपटाची सर्वमान्य रूढि आहे. नायिकेच्या ओठांवर दुसऱ्याच बाईचा आवाज असतो हें लहान पोरासही ठाऊक आहे, मग 'कट्यारी'लाच हा निर्बंध कां? प्रश्न रास्त आहे. बागेंत फिरणाऱ्या नायकानें कोणाचाही गळा घ्यावा. त्याचा धंदा गाण्याचा नसतो, गाणें त्याच्या मनांतलें असतें. ज्या कथेंत पात्र गवई आहे, गाण्यावर त्याचें जिणें-मरणें अवलंबून आहे, आणि गाणें ही त्या कथेंतली घटना आहे, तेथें ही रूढि लागू करणें म्हणजे मल्लाच्या कथेंत कुस्ती दुसऱ्याकडून खेळवून घेणें होय. शिवाय ही रूढि अनादि नाहीं. मराठींतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं निघाला. त्यांत हरिश्चंद्र झाले ते 'मानापमाना'स चाली देणारे गोविंदराव टेंबेच, आणि ते स्वतः गायले. १९३५ सालीं 'धर्मात्म्यां'त बालगंधर्व एकनाथ झाले आणि स्वतः गायले. त्याच वर्षीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें पार्श्वगायनाची युक्ति रूढ केली. म्हणजे आमचा बोलपट जन्मला तो रंगभूमीचाच गळा घेऊन. उसनवारी मागून शिकला.

'धर्मात्मा' पाहून बालगंधर्वांचे भक्त समाधान पावले नाहींत, प्रभात कंपनीशीं त्यांचा संबंधही त्या एका चित्रपटापुरताच राहिला, हें आम्हांस ठाऊक आहे. गवई स्वतः गाइला म्हणजे चित्रपट साधलाच, असें आमचें म्हणणें नाहीं. तो न गाइला तर ही कथा साधणार नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

साता समुद्रांपलीकडचें एक उदाहरण येथें अगदीं चपखल बसतें. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून मराठींत पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं 'ती फुलराणी' केलें. त्याच नाटकावरून १९५६ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'माय फेअर लेडी' हें संगीत नाटक आलें होतें. त्यांत फुलवालीचें काम ज्यूली अँड्र्यूज या गायिका-नटीनें करून लोकांस वेड लाविलें. १९६४ सालीं चित्रपट निघाला तेव्हां निर्मात्यांनीं अधिक प्रसिद्ध म्हणून ऑड्री हेपबर्न यांस घेतलें, आणि बहुतेक गाण्यांस मार्नी निक्सन यांचा गळा लाविला. बोलीमुळें माणूस बदलतो, हा ज्या कथेचा विषय, तिच्या नायिकेच्या तोंडीं दुसरीचा आवाज! चित्रपट देखणा होता; सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक त्यास मिळालें; प्राध्यापकाच्या भूमिकेंत रंगभूमीवरचेच रेक्स हॅरिसन होते, त्यांनीं आपला भाग कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गाऊन मुद्रित करविला, आणि त्यांसही पारितोषिक मिळालें. हेपबर्न यांचें नांव मात्र नामांकनांतही आलें नाहीं. त्या वर्षीचें सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक ज्यूली अँड्र्यूज यांनींच, 'मेरी पॉपिन्स' या दुसऱ्या चित्रपटासाठीं नेलें. पारितोषिक म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. परंतु उसन्या गळ्याची रुखरुख केवळ मराठी म्हाताऱ्यांनाच लागते असें नाहीं, एवढें यावरून दिसून येतें.

राहतो शेवटचा आक्षेप. तो असा कीं, गवयास अभिनय येत नाहीं आणि कॅमेऱ्यास गवयाचा चेहरा चालत नाहीं. पैसा घालणारा माणूस धोका पत्करील कसा? या आक्षेपास उत्तर द्यावयास आम्हांस शब्द खर्चावे लागत नाहींत; तें उत्तर चित्रपटानेंच दिलें आहे. २०२२ सालीं 'मी वसंतराव' हा चित्रपट आला. त्यांत वसंतरावांची भूमिका त्यांच्या नातवानें, राहुल देशपांडे यांनीं केली. चेहरा त्यांचा आणि गळाही त्यांचाच. ज्या गायकास २०१५ सालीं पडद्यामागें बसविलें तो सात वर्षांनीं पडद्यावर आला, लोकांनीं त्यास पाहिलें, आणि उत्कृष्ट पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटांत आनंद भाटे यांस, आणि 'कट्यारी'त महेश काळे यांस, हाच पुरस्कार दुसऱ्याच्या चेहऱ्यास गळा दिल्याबद्दल मिळाला होता. तीन मराठी चित्रपट, तीन गवई, तीन पुरस्कार. आणि तिघांपैकीं आपल्या गाण्यासह पडद्यावर उभें राहण्याची संधि एकासच मिळाली. गवयाचा चेहरा चालत नाहीं हें मत अनुभवावर आधारलेलें नव्हतें. तें केवळ भित्र्या हिशेबावर आधारलेलें होतें.

कोणी विचारील कीं, एका चित्रपटांत गळा कोणाचा आणि चेहरा कोणाचा, यावर एवढा खल कशासाठीं? आमचें उत्तर असें कीं, प्रश्न एका चित्रपटाचा नाहीं. गाऊं शकणारा नट आणि अभिनय करूं शकणारा गवई, ही एकाच देहांत वसणारी दुहेरी विद्या महाराष्ट्रानें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ जोपासली. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोंसले, बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर, छोटा गंधर्व, वसंतराव. ही यादी दुसऱ्या कोणत्या प्रांतास सहज करितां येईल काय? १९२१ च्या ८ जुलैस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें, त्यांत केशवरावांचा धैर्यधर व बालगंधर्वांची भामिनी समोरासमोर उभीं राहिलीं. त्या रात्रीची कथा आमच्या घराघरांतून शंभर वर्षें सांगितली जात आहे, ती कांहीं 'मानापमाना'च्या कथानकासाठीं नाहीं. दोन माणसें आपापल्या साऱ्या शक्तिनिशीं एकमेकांसमोर गाइलीं, यासाठीं ती सांगितली जाते.

ही दुहेरी विद्या आज मरणाच्या वाटेवर नाहीं, परंतु तिला अन्न कमी पडत आहे. राज्याच्या संगीत नाट्यस्पर्धेंत दरसाल हौशी मंडळी उतरतात. गोव्यांत देवळांच्या उत्सवांतून गांवकरी पदरमोड करून संगीत नाटकें करितात. ऑर्गन वाजविणारा मिळविण्यापासून त्यांची दगदग सुरू होते. या मंडळींतला एखादा तरुण विचारतो, दहा वर्षें गाणें आणि दहा वर्षें अभिनय शिकून मी जाणार कोठें? त्यास चित्रपट जर असें उत्तर देईल कीं, तुझा गळा ठेवून जा, चेहऱ्याची सोय आम्हीं दुसरीकडे केली आहे, तर तो पुढच्या वेळीं दोन्ही विद्या कशाला शिकेल? तो नुसता गवई होईल किंवा नुसता नट होईल. मग आणखी वीस वर्षांनीं 'कट्यार' पुन्हां रंगभूमीवर आणावी असें कोणाच्या मनांत आलें, तर खाँसाहेब शोधावयास कोठें जावें?

येथें आमच्या सुशिक्षित कुटुंबांसही चार शब्द सांगणें प्राप्त आहे. मुलीस सहा वर्षें गाण्याच्या वर्गास घालणारीं, नाट्यपदांच्या स्पर्धेंत तिला बक्षीस मिळालें म्हणजे पेढे वांटणारीं हींच कुटुंबें, ती मुलगी संगीत नाटकांत काम करूं म्हणाली कीं दचकतात. चित्रपटावर चरफडतांना तीं 'जुनी रंगभूमि' म्हणून उसासे टाकितात. परंतु जवळच्या नाट्यगृहांत तेंच नाटक लागलें असतां, गाडी लावण्यास जागा नाहीं, प्रयोग लांबतो, सकाळीं कामावर जावयाचें आहे, अशीं कारणें सांगून घरीं बसतात, आणि मोबाइलवर वसंतरावांचें जुनें ध्वनिमुद्रण ऐकून धन्य होतात. गेलेल्या गवयाची पूजा करण्यास तिकीट लागत नाहीं. जिवंत गवयास मात्र तिकिटावांचून जगतां येत नाहीं. ज्या मुलांनीं चित्रपट पाहून तीं पदें तोंडपाठ केलीं आहेत, त्यांस एकदां नाटकास न्यावें. पडद्यावर जें पाहिलें त्यांत काय नव्हतें, हें त्यांस समजावून सांगावें लागणार नाहीं. पहिली तान समोरून अंगावर आली म्हणजे त्यांचें त्यांनाच कळेल.

तात्पर्य, सोवळ्यांनीं कथानकाच्या फेरफाराचा सुतकी चेहरा टाकून द्यावा, आणि चित्रपटभक्तांनीं उद्धाराचा डौल टाकून द्यावा. 'कट्यार' चित्रपट देखणा आहे, प्रामाणिक कष्टांचा आहे, आणि तरीही ज्या नाटकावर तो उभा आहे त्याचें मर्म त्यास सांभाळतां आलें नाहीं. ही दोन्ही वाक्यें एकाच वेळीं खरीं आहेत, आणि दोन्ही मनांत बाळगणारा प्रेक्षक गोंधळलेला नाहीं. पुढें संगीत नाटकांवर आणखी चित्रपट निघतील. निघावे अशीच आमची इच्छा आहे. फक्त ज्या कथेंत गवई असेल तेथें गवयाचें काम गवयास द्यावें, एवढी मागणी प्रेक्षकांनीं आतां कुजबुजत न करितां उघडपणें करावी.

सदाशिवानें खाँसाहेबांची गायकी चोरिली खरी. परंतु चोरलेला माल त्यानें स्वतःच्या गळ्यांत ठेविला, आणि त्यासाठीं गळा झिजविला. आमच्या चित्रपटकारांनीं नाटकें खुशाल उचलावीं; निदान चोरीच्या बाबतींत तरी सदाशिवाचा कित्ता गिरवावा.